जमिनीवरचे केस

बारमधल्या उंच स्टुलावर एक बाई मांडी घालून बसली आहे. असं हल्ली कोणी बसत नाही, असं गोष्ट सांगणाऱ्याच्या मनात येतं. ती डोळा मारते, ग्लास रिकामा करते आणि त्याला, म्हणजे अँडीला, म्हणते, मला घरी सोड. तिला एकटीलाच झोपायचं आहे हे अँडीला ठाऊक असतं. तो तिला उचलून अंथरुणापर्यंत नेणार आणि मग जमिनीवर पडलेले तिचे केस झाडून काढणार.

इथं ‘एलिफंट’ या गाण्याचं पहिलं कडवं संपतं. आजाराचं नाव अजून कुठंच नाही. ती आजारी आहे एवढंच दुसऱ्या कडव्यात ओझरतं कळतं, आणि कॅन्सर हा शब्द येतो थेट तिसऱ्यात, तोही ती दारूच्या नशेत स्वतःच्या आजारावर विनोद करते या निमित्तानं. ऐकणाऱ्याला मात्र त्या केसांपासूनच कळलेलं असतं. दोन ठिकाणी ओळीच्या शेवटी ‘आता’ येतो: आता तिच्यात तेवढं त्राण नाही, आता तिला गायला आवाज उरलेला नाही. त्या ‘आता’च्या अलीकडचं सगळं आयुष्य न सांगता समोर उभं राहतं.

हे गाणं जेसन इसबेल या अमेरिकी गायक-गीतकाराचं. २०१३च्या जूनमध्ये आलेल्या ‘साउथईस्टर्न’ या बारा गाण्यांच्या अल्बममधलं चौथं. इसबेल आणि त्याचा ‘द ४०० युनिट’ हा बँड यांच्याविषयी लिहायचं तर सुरुवात त्या केसांपासूनच करावी लागते. या लोकांच्या गाण्यांना सगळे ‘कबुलीची गाणी’ म्हणतात, आणि ते खरंही आहे. पण कबुली म्हणजे मनातलं भडाभडा ओतणं, अशी एक समजूत असते. या गाण्यात बोलणारा इसबेल नाही, अँडी आहे. नाव बदललेलं, माणूस रचलेला, आणि तरी ऐकताना वाटतं की कोणीतरी आपल्यापाशी मन मोकळं करतंय. हे घडतं कसं, याचं उत्तर थोडं त्याच्या शब्दांत आहे आणि बरंचसं तो ज्या गावचा आहे त्या गावच्या वाजवणाऱ्यांत आहे.

अलाबामा राज्याच्या वायव्य कोपऱ्यात टेनेसी नदीच्या काठी फ्लोरेन्स, शेफील्ड, टस्कंबिया आणि मसल शोल्स अशी चार गावं एकमेकांना खेटून आहेत. बाहेरचे लोक चौघांना मिळून मसल शोल्सच म्हणतात. इसबेलचा जन्म १९७९चा, तिथून जवळच्या ग्रीन हिल या खेड्यातला. आजोबा पेंटेकोस्टल पंथाचे धर्मोपदेशक. त्यांनी आणि काकांनी लहानपणीच त्याच्या हातात वाद्य दिलं. या वस्तीतल्या रिक हॉलच्या ‘फेम’ स्टुडिओत १९६७च्या जानेवारीत अरेथा फ्रँकलिन गायला आली, तेव्हा गाणं बराच वेळ कुणाच्या हाताला लागत नव्हतं. सूर, शब्द, गळा सगळं होतं, पण धरायला काही नव्हतं. मग स्पूनर ओल्डहमनं वुर्लिट्झर या इलेक्ट्रिक पियानोवर एक छोटा, अडखळत चालणारा तुकडा धरला आणि बाकीचे त्याच्या मागून आत आले. काही तासांत गाणं तयार. आजही ‘आय नेव्हर लव्हड अ मॅन’ हे ते गाणं लावलं की पहिल्या काही सेकंदांत तो तुकडा ऐकू येतो. त्यात स्वर मोजके आहेत आणि मधल्या जागा भरपूर. गायिका जे सांगणार आहे त्याला वाट मिळावी एवढ्यासाठीच तो आहे.

पुढे १९६९ साली चार वादकांनी शेफील्डमध्ये ३६१४ जॅक्सन हायवे या पत्त्यावर स्वतःचा ‘मसल शोल्स साउंड स्टुडिओ’ काढला: की-बोर्डवर बॅरी बेकेट, ड्रमवर रॉजर हॉकिन्स, बेसवर डेव्हिड हूड, गिटारवर जिमी जॉन्सन. त्याच वर्षीच्या डिसेंबरात रोलिंग स्टोन्स तिथं येऊन तीन गाणी करून गेले. गायक कुठलाही असो, त्याच्या दोन शब्दांमधला श्वास ऐकायचा आणि तिथं हात आवरायचा, ही या चौघांची रीत. आपल्याकडे ज्याला चांगली संगत म्हणतात, तेच हे.

या डेव्हिड हूडचा मुलगा पॅटरसन हूड. त्यानं माइक कूलीबरोबर १९९६ साली जॉर्जियातल्या अथेन्स गावात ‘ड्राइव्ह-बाय ट्रकर्स’ हा बँड काढला, आणि २००१ साली बाविशीतला इसबेल त्यांच्यात गेला. तीन गिटारी, तीन लिहिणारे, आवाज दणदणीत. त्या गोंगाटातही इसबेलची दोन गाणी वेगळी उठून दिसली. ‘आउटफिट’ हे घरं रंगवून पोट भरणाऱ्या बापानं गाणं-बजावणं करायला निघालेल्या मुलाला केलेल्या उपदेशाचं गाणं. बहिणीच्या वाढदिवसाला घरी फोन करत जा, ही त्यातली सूचना. मी तुझ्यावर प्रेम करतो, असं तो बाप सरळ म्हणत नाही. वाढदिवस विसरू नको म्हणतो. दुसरं ‘डेकोरेशन डे’. अमेरिकेच्या दक्षिणेत, विशेषतः डोंगराळ भागात, उन्हाळ्याच्या तोंडावर एका रविवारी सगळं कुटुंब स्मशानात जमतं, थडगी साफ करतं, फुलं वाहतं, एकत्र जेवतं. त्या दिवसाला हे नाव. गाणं मात्र दोन घराण्यांच्या वैराचं आहे आणि ते वैर ज्याच्या गळ्यात पडलं त्या मुलाच्या तोंडून येतं. फुलं वाहायच्या दिवशी त्याच्या मनात येतं की बापाच्या थडग्यावर एक धोंडा लोटून द्यावा. २००३च्या त्या अल्बमचं नावही याच गाण्यावरून ठेवलं गेलं. तेव्हा इसबेल चोवीस वर्षांचा होता.

इथंच त्याची पद्धत दिसते. भावनेचं नाव आधी घ्यायचं नाही. वस्तू ठेवायची, ती बरोबर जागी ठेवायची, आणि ऐकणाऱ्याला तिच्यापर्यंत चालत येऊ द्यायचं. ज्यांना अशी गाणी लिहायची असतात त्यांची पहिली चूक नेमकी इथं होते. पहिल्याच ओळीत ‘मी मोडून गेलोय’ लिहिलं की पुढच्या तीन कडव्यांना काम उरत नाही; ती तेच वाक्य पुन्हा पुन्हा सजवत बसतात. दुसरी चूक याहून अवघड: कबुली देता देता माणूस स्वतःची बाजू मांडायला लागतो. ‘मी चुकलो, पण...’ मधला तो ‘पण’ ऐकणाऱ्याला लगेच कळतो. ‘एलिफंट’मधला अँडी स्वतःला चांगला ठरवत नाही. तो तिच्याबरोबर पितो, हसतो, शनिवार-रविवारच्या गर्दीला नावं ठेवतो, आणि खोलीतल्या त्या हत्तीकडे, म्हणजे सगळ्यांना दिसणाऱ्या पण कोणी न बोलणाऱ्या गोष्टीकडे, पाहायचं टाळतो. टाळतो हे सांगतो, एवढीच त्याची कबुली.

ट्रकर्समधून तो २००७ साली बाहेर पडला. त्याच वर्षी स्वतःच्या नावानं पहिला अल्बम काढला, तो फेममध्येच मुद्रित केलेला. पुढे बँड जमला आणि त्याला नाव दिलं ‘द ४०० युनिट’: फ्लोरेन्सच्या रुग्णालयातल्या मनोरुग्ण विभागाचं हे नाव. गावातल्या माणसाला ते ऐकल्याबरोबर समजतं. ड्रमवर चॅड गॅम्बल, बेसवर जिम्बो हार्ट, की-बोर्ड आणि अकॉर्डियनवर डेरी डीबोर्हा, आणि २०१३पासून दुसऱ्या गिटारवर सॅडलर व्हेडन. पुढं बेसवर ॲना बटरस आली. व्हायोलिनवर आणि दुसऱ्या आवाजात बरीच वर्षं अमांडा शायर्स होती, जी स्वतः नावाजलेली गीतकार आहे.

ही माणसं एकत्र कशी वाजवतात ते समजायला त्या भागातली लिहिण्याची एक पद्धत माहीत असलेली बरी. तिला नॅशव्हिल नंबर पद्धत म्हणतात. कागदावर स्वरलिपी नसते, कॉर्डचे, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या जुळणीचे, आकडे असतात. पट्टीचा मूळ स्वर म्हणजे १, त्यावरची कॉर्ड १. मग ४, ५ आणि उदास रंगाची सहावी, म्हणजे ६ आणि पुढे एक आडवी रेघ. जी पट्टीत त्या होतात जी, सी, डी आणि ई मायनर. ए पट्टीत ए, डी, ई आणि एफ शार्प मायनर. आकडे तेच राहतात. हार्मोनियमवर बसलेल्या कुणालाही हे सांगायला नको: काळी एकवरून पांढरी चारवर गेलं तरी मध्यम मध्यमाच्याच जागी असतो. गायकाचा घसा त्या दिवशी बसलेला असेल तर पट्टी उतरवायची, कागद तोच.

एका ओळीत साधारण चार मापं, प्रत्येक माप चार मात्रांचं. आकड्याभोवती चौकट तिरकी काढली, हिऱ्याच्या आकाराची, तर अर्थ असा की कॉर्ड एकदाच वाजवा आणि विरू द्या. मापाच्या उरलेल्या मात्रांत कोणी काही करायचं नाही. कबुलीच्या गाण्याचा जीव या हिऱ्यांत असतो. गायक अवघड वाक्याशी येतो आणि ड्रम, बेस, पियानो सगळे एका ठोक्यावर उतरून गप्प होतात. चुका होतात त्याही इथंच. सहाच्या पुढची रेघ लिहायची राहिली की एकजण मेजर वाजवतो, एकजण मायनर, आणि एक स्वर दुसऱ्याच्या अंगावर येतो. नाहीतर कोणाला तरी शांतता सहन होत नाही आणि तो हिऱ्याच्या पोटात एक छोटी तान टाकतो. ती तान कितीही गोड असो, वाक्य तिथंच मरतं. डेरी डीबोर्हा त्या जागी काय करतो ते मुद्दाम ऐकावं: बहुतेक वेळा एकच सूर, खालचा, लांब धरलेला. तो सूर थांबला की मगच आपल्याला कळतं की तो होता.

याच्या अगदी उलट टोकाला आहे स्लाइड गिटार, इसबेलचं दुसरं तोंड. बोटात काचेची किंवा पितळेची नळी घालायची आणि ती तारांवरून सरकवत मींड काढायची. मसल शोल्समध्ये १९६८ साली फेममध्ये साथीला बसलेल्या ड्युएन ऑलमननं पुढे सर्दीच्या गोळ्यांच्या काचेच्या बाटलीनं हे वादन गाजवलं. तो बहुधा तारा ‘ओपन ई’ जुळणीत लावायचा: जाड तारेपासून ई, बी, ई, जी शार्प, बी, ई, म्हणजे नळी आडवी ठेवली की आख्खी कॉर्ड हाताशी.

नवशिका हमखास बेसूर वाजवतो आणि त्याला कारण कळत नाही. बोटानं वाजवताना आपण फ्रेटच्या धातूच्या पट्टीमागे, दोन पट्ट्यांच्या मधल्या जागेत दाबतो. नळी मात्र बरोबर पट्टीच्या वर यावी लागते, नाहीतर सूर उतरलेला लागतो. दुसरी गोष्ट, दाबायचं नाही. वजन नुसतं तारेवर टेकवायचं. दाबलं की तार फ्रेटला लागते, खटखट होते आणि सूर वर चढतो. म्हणून स्लाइडच्या गिटारीच्या तारा थोड्या उंच ठेवतात आणि जाड लावतात. तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची: नळीच्या मागच्या बाजूला, म्हणजे डोक्याकडच्या तारांवर, उरलेली बोटं अलगद टेकवायची. नाहीतर नळीमागचा तारेचा तुकडाही गुणगुणतो आणि सगळं गढूळ होतं. उजव्या हाताच्या बोटांनी न वाजणाऱ्या तारा झाकायच्या. म्हणजे एक स्वर वाजवायला पाच तारा गप्प करायच्या. इतक्या खटाटोपानंतर जो सूर येतो त्याला माणसाच्या गळ्यासारखं हेलकावता येतं, आणि म्हणूनच या बँडमध्ये तो शब्द संपल्यावर येतो, शब्दांवर नाही. जे बोलून झालं नाही ते सांगायला.

२०१२च्या फेब्रुवारीत इसबेल दारू सोडण्यासाठी नॅशव्हिलमधल्या उपचार केंद्रात दाखल झाला. हे त्यानं स्वतः अनेकदा उघडपणे सांगितलं आहे. पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला ‘साउथईस्टर्न’ मुद्रित झाला, निर्माता डेव्ह कॉब. वडील एकेकाळी ज्या टूल अँड डाय कारखान्यात कामाला होते, त्याचं नाव साउथईस्टर्न. तेच अल्बमला दिलं. साचे आणि ठसे बनवणाऱ्या कारखान्याचं नाव आयुष्यातल्या सगळ्यांत उघड्या अल्बमला द्यावं, हे मला फार बरोबर वाटतं. डाय बनवताना आकार धातूतून खरवडून काढावा लागतो आणि एक धागा जास्त गेला की तुकडा बाद होतो. पहिलंच गाणं ‘कव्हर मी अप’ दारू सुटल्याचं आणि घर सापडल्याचं आहे. मैफलीत ती शपथेची ओळ आली की गर्दी दर वेळी ओरडून उठते. कित्येकांनी स्वतःही ती शपथ घेतलेली असते.

हा अल्बम त्याच्या एकट्याच्या नावावर आहे, बँडच्या नाही, जरी गॅम्बल आणि डीबोर्हा त्यात वाजवतात. आवाज इतका जवळ का वाटतो, याचं तांत्रिक अंग समजून घेण्यासारखं आहे. अशा प्रकारच्या मुद्रणात गाणारा आणि त्याची अकूस्टिक गिटार एकाच वेळी घेतात. गिटारीचा मायक्रोफोन साधारण वीत-दीड वीत लांब, बाराव्या ते चौदाव्या फ्रेटच्या समोर. थेट भोकासमोर ठेवला तर खालचे स्वर घुमतात आणि बेसची जागा खातात. गळ्याचा मायक्रोफोन तोंडापासून सुमारे वीतभर, किंचित बाजूला, म्हणजे ‘प’, ‘ब’ म्हणताना हवेचा धक्का सरळ आत जात नाही. गोम अशी की दोन्ही मायक्रोफोनमध्ये दोन्ही आवाज शिरतात. गळ्याच्या ट्रॅकमध्ये गिटार आणि गिटारीच्या ट्रॅकमध्ये गळा. एक शब्द बेसूर गेला आणि यंत्रानं सूर सरळ करायला गेलं, तर त्याच्याबरोबर गिटारीचीही लचक ऐकू येते. म्हणजे दुरुस्ती करता येत नाही. पुन्हा पहिल्यापासून गायचं. यामुळे गायक सावध होतो असं नाही, उलट सुटतो, कारण नीट करायची सोयच नसते. वेगवेगळं मुद्रित करून नंतर जोडलेल्या गाण्यात प्रत्येक ओळ अचूक असते आणि तरी काहीतरी हरवतं. गाताना हातानं जो किंचित धीर धरलेला असतो, तो.

२०१४ साली अमेरिकाना संगीताच्या पुरस्कारांत वर्षातला कलावंत, अल्बम आणि गाणं असे तिन्ही मान या एका कामाला मिळाले. अमेरिकाना हा शब्द ऐकून गोंधळायला होतं. कंट्री, ब्लूज, गॉस्पेल, लोकगीतं आणि रॉक यांच्या मुळांशी उभं राहून आज लिहिलेलं संगीत, एवढा अर्थ कामापुरता पुरे. याच नावाच्या विभागात या लोकांना २०१५, २०१७ आणि २०२३च्या अल्बमांसाठी ग्रॅमी मिळाली.

२०१७च्या ‘द नॅशव्हिल साउंड’वर बँडचं नाव परत आलं. त्यातलं ‘इफ वुई वेअर व्हॅम्पायर्स’ हे प्रेमगीत सुरुवातीला आपण कशावर प्रेम करत नाही त्याची यादी देतं: कपडे नाहीत, अंगावरची झळाळी नाही. मग हिशेब मांडतं. आपल्याला कदाचित चाळीस वर्षं मिळतील, आणि मग एक दिवस आपल्यातला एकजण मागे उरेल. ‘जन्मोजन्मी’च्या जागी चाळीस. जन्मोजन्मी म्हटलं की ऐकणारा मान डोलावतो. चाळीस म्हटलं की तो स्वतःच्या लग्नाची वर्षं वजा करतो. कबुलीच्या गाण्यात आकडा फार काम करतो, फक्त तो फार मोठा नसावा. या गाण्यात दोन आवाज आहेत, इसबेलचा आणि शायर्सचा, आणि दुसरा आवाज पहिल्याला सजवायला आलेला नाही. ज्याच्याविषयी बोलणं चाललंय तो माणूस खोलीत आहे, एवढंच तो सांगतो.

पुढं २०२३च्या ‘वेदरव्हेन्स’मध्ये ‘कास्ट आयर्न स्किलेट’ नावाचं गाणं आलं. निर्माता या वेळी इसबेल स्वतः. गाणं सुरू होतं घरोघरी दिल्या जाणाऱ्या एका सल्ल्यापासून: बिडाचा तवा धुवायचा नाही. दक्षिणेतल्या घरात ही सपाट बुडाची, दांड्याची बिडाची भांडी आजीकडून नातीकडे जातात आणि त्यांच्याबरोबर हा सल्लाही जातो. आपल्याकडेही बिडाचा तवा घासू नको म्हणणारी पिढी अजून आहे. तव्यावरचा काळा थर म्हणजे तेल. पातळ हात फिरवून, पुसून, कडक तापवलं की तेलाचे कण एकमेकांना जोडले जाऊन चिवट थर बनतो आणि लोखंडाला घट्ट धरतो. जुन्या काळचा साबण कास्टिक सोड्याचा, तीव्र. तो हा थर खायचा. आजच्या भांड्यांच्या साबणानं तसं होत नाही. हलक्या हातानं धुवावा, लगेच पुसावा, दोन मिनिटं आचेवर ठेवून कोरडा करावा आणि तेलाचं बोट फिरवावं. तवा बिघडतो तो पाणी तसंच राहिल्यानं आणि तेल जाड थापल्यानं. जाड थर चिकट होतो आणि पोपडे धरून निघतो.

म्हणजे गाण्यातला पहिलाच सल्ला आज चुकीचा आहे, आणि गाणं त्यावरच उभं आहे. सल्ल्यांच्या त्या लांबड्या माळेत मधेच दोन माणसं येतात. एक लहानपणी बेसबॉल खेळायला बरोबर असणारा मुलगा, ज्याच्या हातून पुढे खून झाला. दुसरी एक मुलगी, जी सावळ्या कातडीच्या, हसऱ्या डोळ्यांच्या मुलाच्या प्रेमात पडली आणि तिचा बाप तिच्याशी पुन्हा एक शब्द बोलला नाही. तवा धुऊ नको हे ज्या तोंडानं सांगितलं, त्याच तोंडानं पोरीशी बोलणं टाकलं. गाणं हे म्हणत नाही. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवतं आणि चाल बदलत नाही, आवाज चढवत नाही. ड्रमवाल्यानं इथं एक जोरदार ठोका दिला असता तर गाणं भाषण झालं असतं. आपल्या गावाविषयी, आपल्या माणसांविषयी कबुली देताना इतकं शांत राहणं फार थोड्यांना जमतं. दक्षिणेत जन्मलेल्या या मंडळींचं मला सगळ्यांत मोठं वाटतं ते हे. गावाला शिव्या देऊन ते मोकळे होत नाहीत, आणि त्याच्यावर पांघरूणही घालत नाहीत.

नव्यानं ऐकायला बसणाऱ्यानं ‘साउथईस्टर्न’पासून सुरू करावं, तेही क्रमानं, मधली गाणी न गाळता; ‘सुपर ८’ हे धांगडधिंग्याचं दहावं गाणं ‘येवेट’ या अकराव्या, फार काळ्या गाण्याच्या आधी श्वास घ्यायला ठेवलेलं आहे. मग ‘वेदरव्हेन्स’. बँड म्हणून ऐकायचं तर नॅशव्हिलच्या रायमन सभागृहातलं थेट मुद्रण लावावं. १८९२ साली प्रार्थनेसाठी बांधलेली ती इमारत. आजही लोक तिथं लाकडी बाकांवर बसतात. हेडफोन असतील तर एकदा फक्त बेसच्या मागे जावं. कडव्यात तो किती कमी स्वर वाजवतो ते मोजावं आणि ध्रुवपदात किती वाढतात ते पाहावं. जवळपास सगळी भरती-ओहोटी तिथंच आहे.

२०२५च्या मार्चमध्ये ‘फॉक्सेस इन द स्नो’ आला, आणि त्यात बँडच नाही. अकरा गाणी, एक माणूस, एक गिटार, न्यू यॉर्कच्या इलेक्ट्रिक लेडी स्टुडिओत पाच दिवसांत घेतलेली. इसबेल आणि शायर्स वेगळे झाल्यानंतरचं हे काम. त्यातल्या ‘ग्रॅव्हलवीड’मध्ये तो जुन्या प्रेमगीतांना सामोरा जातो: त्यांचा अर्थ आता बदलला आहे. चाळीस वर्षांचा हिशेब मांडणाऱ्याला ते आकडे पुन्हा तोंडात घ्यावे लागतात. कबुली देताना ती त्या दिवसापुरती खरी असते, पण गाणं त्या दिवसानंतरही गावं लागतं. हा या धंद्यातला सगळ्यांत कठीण भाग, आणि त्याविषयी इतकं थेट गाणं मी दुसऱ्या कोणाचं ऐकलेलं नाही. तरी खरं सांगायचं तर काही गाण्यांत मला चॅड गॅम्बलची आठवण येते. शब्द कडवट होतात तिथं त्यांना धरायला मागे कोणी नाही.

गिटार आहे १९४०ची मार्टिन ०-१७. अंगानं लहान, रुंद भागी साडेतेरा इंच, आणि वरची पाटीसुद्धा महोगनीची, जिथं सहसा स्प्रूस या झाडाचं लाकूड असतं. स्प्रूसच्या पाटीवर सूर उजळ उमटतो आणि मागे बराच वेळ झिळमिळत राहतो. सावकाश गायलं तरी तो जागा भरून काढतो. महोगनीचा सूर मधल्या पट्टीचा, कोरडा, गळ्याच्याच रंगाचा, आणि तो लवकर विरतो. म्हणून ओळीच्या शेवटी गायकाला फार वेळ थांबता येत नाही. या अल्बमवर त्या जागा नीट ऐकल्या तर प्रत्येक वेळी, पुढची ओळ सुरू व्हायच्या आधी, त्यानं घेतलेला श्वास ऐकू येतो.